वेतोबाच्या चपला: एक प्रस्तावना

वेंगुर्ले तालुक्यात आरवली गावी वेतोबाचं देऊळ आहे. नवस फेडायला लोक तिथे केळ्यांचे घड आणतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या, अशी श्रद्धा. फेरी घालताना त्याला पाहिलं असं कोणी सांगत नाही. झिजलेल्या तळव्यांबद्दल मात्र भरभरून बोलतात.

या टिपणवहीच्या लेखिकेने ‘डीमन’ला, म्हणजे संगणकात मागे राहून काम करणाऱ्या प्रोग्रॅमला, मराठी शब्द सुचवा म्हणून फोन केला, तेव्हा मी वेतोबाचं नाव घेतलं. ती हसली. म्हणाली, “सर, मेंटेनरला काय कळवू? तुमच्या सर्व्हरला वेताळ लागलाय म्हणून?” शेवटी वहीत डीमन हाच शब्द राहिला आणि ते बरंच झालं, कारण पुण्यातली, बंगळुरातली कामं करणारी मुलं तोच शब्द दिवसभर वापरतात. पण प्रस्तावना माझी आहे, तेव्हा चपला मी ठेवून घेतो.

डीमन हे नावही गमतीतच पडलं होतं. १९६३ च्या सुमारास एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमध्ये आयबीएम ७०९४ यंत्रावर काम करणाऱ्या मंडळींनी ते वापरायला सुरुवात केली. त्या गटातले फर्नांडो कोर्बाटो यांनी पुढे सांगितलं की प्रेरणा मॅक्सवेलच्या डीमनची होती. मॅक्सवेलने १८६७ साली एक काल्पनिक दारवान उभा केला होता: दोन खोल्यांमधल्या झरोक्यावर बसून वायूचे वेगवान रेणू एकीकडे आणि मंद रेणू दुसरीकडे सोडणारा, न थकणारा. मागे राहून निमूट राबणाऱ्या प्रोग्रॅमला हे नाव शोभलं. कोर्बाटोंच्या आठवणीप्रमाणे त्यांचा पहिला डीमन फाइलींच्या प्रती आपोआप टेपवर उतरवून ठेवायचा.

आज आपल्या बहुतेक लिनक्स यंत्रांवर असे डझनावारी प्रोग्रॅम जागे असतात. ठरल्या वेळी कामं करणारा क्रॉन, दूरच्या माणसाला आत घेणारा एसएसएचडी, या सगळ्यांना उठवणारा-बसवणारा सिस्टमडी. यांतले बहुतेक मुक्त स्रोत प्रकल्पांत, कित्येक फावल्या वेळात, लिहिले गेले आहेत. हे बरोबर चालतात की नाही ते यंत्राकडूनच, दर बदलामागे, न कंटाळता तपासून कसं घ्यायचं, हा या वहीचा विषय.

साध्या फंक्शनची चाचणी सोपी असते. वाण्याच्या दुकानात गेलो, पावशेर डाळ मागितली, त्याने तोलून दिली, आपण घरी येऊन वजन करून पाहिलं, मामला संपला. डीमनचं तसं नाही. तो रात्रपाळीचा राखणदार. त्याला काम सांगितलं की तो “बरं” म्हणतो (तेवढंही कित्येकदा म्हणत नाही) आणि कधीतरी ते करतो. कधी केलं, कुठवर आलं, करताना मध्येच पडला का, हे विचारायची सोय बहुतेक वेळा नसते. मग चाचणी लिहिणारा माणूस काय करतो? थांबतो. डीमन सुरू केला, दोन सेकंद स्लीप, काम सांगितलं, आणखी दोन सेकंद स्लीप, आता बघू झालं का.

सगळी रड इथे सुरू होते. लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर डीमन पाव सेकंदात उभा राहतो, म्हणून दोन सेकंद भरपूर वाटतात. तोच कोड आठ-दहा प्रकल्पांच्या गर्दीतल्या सामायिक यंत्रावर गेला की उभं राहायला कधीतरी अडीच सेकंद लागतात आणि चाचणी फेल होते. कोणीतरी दोनाचे पाच करतो. चार महिन्यांनी पाचाचे दहा. दोनशे चाचण्या प्रत्येकी दहा सेकंद झोपल्या तर तेहेतीस मिनिटं नुसती घोरण्यात जातात, आणि एवढं करून अकरा सेकंद लागण्याचा दिवस उजाडायचा तो उजाडतोच. अशा कधी पास, कधी फेल होणाऱ्या चाचणीला इंग्रजीत फ्लेकी म्हणतात. लेखिकेने ‘लहरी’ हा शब्द योजला आहे आणि तो मला मूळ शब्दापेक्षा आवडला. लहरी माणसाशी जसं घरातले सगळे जपून वागायला लागतात, तसंच पुढे चाचणीचं होतं.

हा प्रकार किती पसरलेला आहे? गूगलने २०१६ साली स्वतःचे आकडे मांडले: त्यांच्या जवळजवळ १६ टक्के चाचण्यांत थोडीफार लहर होती, आणि पासची फेल झाली असं जेव्हा जेव्हा दिसलं, त्यांतल्या सुमारे ८४ टक्के वेळा लहरी चाचणीचा हात होता. त्याआधी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी अपाची संस्थेच्या ५१ प्रकल्पांमधले २०१ दुरुस्तीचे कमिट चाळले होते. कारण ठरवता आलं त्यांपैकी सुमारे ४५ टक्क्यांत दोष एकच होता: दुसरीकडे चाललेल्या कामाची नीट वाट न पाहणं. थ्रेडांची आपसातली ओढाताण आणि चाचण्यांच्या क्रमावर विसंबणं ही कारणं त्याच्या मागे, बरीच मागे.

वाट पाहण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एसटीच्या थांब्यावर उभं राहून “अर्धा तास थांबतो, मग जे असेल त्यात चढतो” असं कोणी म्हणत नाही. गाडी आली की चढायचं; संध्याकाळपर्यंत आलीच नाही तर घरी परतायचं. स्लीप ही पहिली, वेडी तऱ्हा. दुसरीत चाचणी दर शंभर मिलिसेकंदांनी “झालं का?” विचारते, झालं की तत्क्षणी पुढे जाते, आणि फार झालं तर एका मर्यादेला हात टेकते. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या पर्लमधल्या चाचण्यांत असं एक फंक्शन जागोजागी वापरलेलं दिसतं, आणि त्याची मर्यादा मुळात १८० सेकंदांची आहे. तीन मिनिटं हा आकडा ऐकून नवे लोक दचकतात. पण ती तीन मिनिटं फक्त बिघाड झाला तरच खर्च होतात. सगळं ठीक असेल तेव्हा हीच चाचणी स्लीपवाल्या चाचणीच्या कितीतरी आधी मोकळी होते. मर्यादा ऐसपैस ठेवायला म्हणूनच संकोच करू नये.

पण “झालं का?” हे कोणाला विचारायचं? वेतोबाच्या चपलेचा झिजलेला तळ इथे कुठे आहे? वहीचा गाभा माझ्या मते हा प्रश्न आहे, आणि त्यासाठी पोस्टग्रेसमधलीच एक गोष्ट जरा तपशिलात सांगतो.

कोणतं टेबल किती वेळा वाचलं गेलं, किती ओळी घातल्या, किती खोडल्या, याची मोजदाद पोस्टग्रेस सतत ठेवतं. मागे राहून साफसफाई करणाऱ्या ऑटोव्हॅक्यूमला ती लागते. १४व्या आवृत्तीपर्यंत ही मोजदाद स्टॅटिस्टिक्स कलेक्टर नावाचा स्वतंत्र प्रोसेस सांभाळायचा. ग्राहकांची कामं करणारे बाकीचे प्रोसेस आपापले आकडे यूडीपीच्या पाकिटांतून त्याच्याकडे टाकायचे, तेही पाठोपाठ नाही, अर्धा-अर्धा सेकंद साचवून. यूडीपी म्हणजे साधं पोस्टकार्ड. पेटीत टाकलं की आपली जबाबदारी संपली. पोचल्याची पावती नाही, आणि यंत्रावर ताण असेल तर वाटेत गहाळही होतं. कलेक्टर मग हे आकडे फाइलीत लिहायचा आणि विचारणाऱ्याला ती फाइल वाचायला मिळायची.

आता याची चाचणी लिहा. एक टेबल एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं, एकदा इंडेक्सवरून वाचायचं, आणि मोजणीचे आकडे वाढले का ते पाहायचं. दोन ओळींचं काम. पण आकडा ताबडतोब वाढत नाही. म्हणून त्या चाचणीच्या फाइलीत खास एक फंक्शन लिहिलेलं होतं: शंभर मिलिसेकंद थांब, आकडे पाहा, वाढले नसतील तर पुन्हा, असं तीनशे वेळा, म्हणजे जास्तीत जास्त तीस सेकंद. शेजारच्या टिप्पणीत लिहिलेलं होतं की अनंतकाळ थांबायचं नाही, तीस सेकंदांनी बाहेर पडायचं. फार शहाण्या माणसांनी लिहिलेला कोड आहे तो, आणि त्यांच्या हातात होतं तेवढं सगळं त्यांनी केलं होतं. तरी तीस सेकंदांनंतर चाचणी फेल झाली तर कारण काय समजायचं? यंत्र मंद होतं? पोस्टकार्ड हरवलं? की मोजणाऱ्या कोडमध्ये खरोखर चूक शिरली? चाचणीला हे तिन्ही सारखेच दिसतात. कारण आकडे हरवले तरी चालतील, असं त्या डीमनच्या रचनेतच धरलेलं होतं. हरवणं जिथे कायदेशीर आहे तिथे सापडलं नाही म्हणून तक्रार कुठे करणार?

ऑक्टोबर २०२२ मध्ये १५वी आवृत्ती आली. आकडे सामायिक मेमरीत ठेवायला सुरुवात झाली आणि कलेक्टर हा प्रोसेसच नाहीसा झाला. हे चाचणीसाठी केलं असं म्हणणं खोटं ठरेल; त्यामागे वेगाची आणि रचनेची वेगळी कारणं होती. पण त्याच आवृत्तीत एक छोटं फंक्शन आलं: माझ्या सेशनमध्ये साचलेले आकडे पुढच्या संधीला, वेळेची वाट न बघता, लिहून टाक, असं सांगणारं. सामान्य वापरकर्त्याला त्याची कधी गरज पडणार नाही. चाचणी मात्र आता थांबत नाही, अंदाज बांधत नाही. सांगते, आणि पाहते.

वही वाचताना ही गोष्ट मनात असू द्यावी असं मला वाटतं, कारण चाचणीत कितीही हुशारी ओतली तरी एका मर्यादेपलीकडे उपयोग होत नाही. डीमनकडूनच खूण मिळायला हवी, आणि तो देत नसेल तर डीमन बदलायला हवा. हे म्हटलं की मुक्त स्रोतातले जुने लोक नाक मुरडतात. नुसत्या चाचणीसाठी खऱ्या कोडला हात? मी स्वतः वीस वर्षांपूर्वी असंच म्हणायचो. आता म्हणत नाही. ज्या डीमनला “तुझं झालं का?” हे चाचणीला विचारता येत नाही, त्याला ते मध्यरात्री फोनवर उठवलेल्या अॅडमिनलाही विचारता येत नाही. पोस्टग्रेसवाल्यांनी तर २०२४ च्या १७व्या आवृत्तीत एक पाऊल पुढे टाकलं: खास पर्याय देऊन कंपाइल केलं तर प्रोसेसला कोडमधल्या नेमक्या जागी थांबवून ठेवता येतं, दुसऱ्या प्रोसेसकडून हवं ते करून घेता येतं, आणि मग पहिल्याला सोडता येतं. दोन प्रोसेसांची जी टक्कर हजारात एकदा व्हायची, ती आता दरवेळी, ठरवून घडवतात.

डीमन तयार झाला हे कळण्याची खूण सिस्टमडीमुळे बरीच रूढ झाली आहे. सिस्टमडी डीमनला एका सॉकेटचा पत्ता पर्यावरणातल्या व्हेरिएबलमधून देतो आणि डीमन सज्ज झाला की त्या पत्त्यावर ‘रेडी’ची एक ओळ पाठवतो. यात गंमत अशी की तो पत्ता सिस्टमडीनेच द्यायला हवा असं काही नाही. चाचणी स्वतः एक सॉकेट उघडून त्याचा पत्ता देऊ शकते आणि ती ओळ आली की कामाला लागू शकते. डीमनला कळतही नाही की पलीकडे सिस्टमडी नसून वीस ओळींची पायथन आहे. लेखिकेचं या युक्तीवरचं प्रकरण सर्वांत छोटं आहे आणि पहिल्यांदा तेच वाचावं.

सुरू करणं आणि बंद करणं यांवरची प्रकरणं मात्र लांब आहेत, आणि ती तशीच असायला हवीत. जुन्या वळणाचा डीमन सुरू होताना दोनदा फोर्क होतो, आईबापांशी नातं तोडतो आणि अनाथ होऊन मागे जातो. चाचणीने ज्या प्रोसेसला जन्म दिला तो केव्हाच संपलेला असतो. खरा डीमन कोणीतरी तिसराच. त्याचा नंबर फाइलीत लिहिलेला असतो म्हणावं, तर ती फाइल मागच्या वेळची शिळीही असू शकते, आणि लिनक्स जुने नंबर पुन्हा वाटतं. म्हणून बहुतेक डीमनांना पुढे, डोळ्यांसमोर चालण्याचा पर्याय असतो, आणि चाचणीत तोच वापरावा. दुसरी एक अडचण मी दोन दिवस डोकं खाजवून शोधली होती. चाचण्या सगळ्या पास, तरी त्या चालवणारा प्रोग्रॅम संपतच नव्हता. कारण इतकंच की डीमनने जन्मतःच मिळालेला आउटपुटचा पाइप मिटला नव्हता. ऐकणारा पाइपचं दुसरं टोक बंद व्हायची वाट पाहत होता आणि ते टोक धरून डीमन सुखाने जगत होता.

आणि एक कबुली. माझ्या एका चाचणीच्या शेवटी आवराआवर म्हणून त्या नावाचे सगळे प्रोसेस मारायची आज्ञा होती. सगळे म्हणजे सगळे. एका संध्याकाळी माझ्याच यंत्रावर खऱ्या कामाला लावलेला त्याच नावाचा डीमन, अर्धवट लिहिलेल्या डेटासकट, गेला. दोष त्या डीमनचा नाही, माझा. तेव्हापासून जो आपण सुरू केला तोच, हातात धरलेल्या ओळखीवरून, बंद करायचा, हे मी पाळतो. प्रत्येक चाचणीला तिचं स्वतःचं फोल्डर, स्वतःचा सॉकेट, स्वतःची सेटिंग; सोवळ्यातल्या बाईने ओलेत्याने घर ओलांडावं तसं कोणाला न शिवता यायचं आणि जायचं.

पोर्टचंही तसंच. ठरलेला पोर्ट घेतला तर दोन चाचण्या एकाच वेळी चालत नाहीत. मोकळा पोर्ट शोधून मग घ्यावा तर शोधण्याच्या आणि घेण्याच्या मधल्या फटीत दुसराच कोणी तो उचलतो. शून्य नंबरचा पोर्ट मागावा, कर्नल देईल तो घ्यावा आणि कोणता मिळाला ते डीमनने सांगावं. इथेही पुन्हा खूण आलीच. याहून बरं म्हणजे नेटवर्क टाळून फाइलीच्या पत्त्यावरचा युनिक्स सॉकेट वापरणं. पोस्टग्रेसच्या चाचण्या लिनक्सवर तेच करतात. फक्त त्या पत्त्याला लिनक्सवर १०८ बाइटांची मर्यादा आहे, जपमाळेच्या मण्यांइतकी, आणि मॅकवर त्याहून चार कमी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. ‘चाचण्या’ एवढ्या फोल्डरच्या नावाला २१ बाइट गेले. मराठीत फोल्डरं ठेवणाऱ्याची माळ इतरांच्या तिप्पट वेगाने संपते आणि निरोप मात्र भलताच काही येतो. सॉकेट तेवढा तात्पुरत्या फोल्डरात, आखूड नावाने ठेवावा.

मराठीचा विषय निघालाच आहे तर घड्याळाचंही सांगून टाकतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रकल्पात मी रात्रीचा बसून पॅच लिहीत असे. दिवसा नोकरी, जेवणखाण, मुलांचा अभ्यास, मग बारानंतर हे. तिथली एक चाचणी माझ्याकडे हमखास फेल व्हायची. युरोपातला मेंटेनर म्हणायचा, माझ्याकडे पास आहे, तुझं यंत्र तपास. सकाळी मी पुन्हा चालवली की पास! आठवडाभर मला माझ्या लॅपटॉपचा संशय येत राहिला. शेवटी कळलं ते असं: डीमन लॉगच्या फाइलीला यूटीसीची तारीख द्यायचा आणि चाचणी फाइल शोधायची ती स्थानिक तारखेने. भारतात रात्री बारा ते पहाटे साडेपाच या दोन तारखा वेगळ्या असतात. साडेपाच तास रोज ती चाचणी चूक होती. युरोपात हीच खोट मध्यरात्रीनंतर तास-दोन तास दिसते, आणि त्या वेळी मेंटेनर झोपलेला असायचा. अमेरिकेत ती संध्याकाळी दिसली असती. त्या चाचणीला मी लहरी म्हणत होतो, पण ती वेळापत्रकाप्रमाणे वागत होती. यंत्राची भाषा मराठी ठेवली की लॉगमधल्या महिन्याचं नाव मराठीत उमटतं आणि इंग्रजी महिना शोधणारी चाचणी कोसळते, हा त्याचाच चुलतभाऊ. चाचणीने घड्याळ, वेळपट्टा आणि भाषा गृहीत धरू नये, स्वतः नेमून द्यावी. शिवाय क्रॉनसारख्या डीमनला घड्याळ बाहेरून पुरवायची सोय असली तर ‘महिन्याच्या शेवटच्या दिवशी’ची चाचणी महिनाअखेरची वाट न पाहता होते.

वहीतलं माझं सर्वांत आवडतं प्रकरण ‘न घडलेल्या’ गोष्टींचं आहे. डीमनने एखादी गोष्ट केली हे पाहणं सोपं. केली नाही हे कसं पाहायचं? समजा एक डीमन एका फोल्डरवर नजर ठेवून नव्या फाइली पुढे पाठवतो, पण अर्धवट उतरलेल्या, तात्पुरत्या नावाच्या फाइली त्याने सोडून द्यायच्या आहेत. चाचणी तात्पुरती फाइल ठेवते, पाच सेकंद थांबते, काही गेलं नाही म्हणून पास होते. अशी चाचणी डीमन मेलेला असला तरी पास होते! लेखिकेचा उपाय असा: तात्पुरत्या फाइलीच्या मागोमाग एक चांगली फाइल ठेवा आणि ती पुढे जाण्याची वाट पाहा. ती गेली म्हणजे डीमन जिवंत आहे आणि तिच्या आधीच्या फाइलीवरून त्याची नजर फिरून गेली आहे. आता पहिली गेली नसेल तर ती मुद्दाम सोडली आहे. वरात संपली हे कळायला शेवटची बैलगाडी ओळखून ठेवतात, तसंच. मात्र डीमन कामं क्रमाने करत असेल तरच हे चालतं. चार कामकरी समांतर असतील तर चाचणीपुरता एकच ठेवावा लागतो. हा अपवाद वहीत एका ओळीत आटपला आहे. पुढच्या आवृत्तीत त्याला पान द्यावं, ही माझी मागणी आहे.

एका बाबतीत माझं आणि लेखिकेचं पटलेलं नाही. ती म्हणते, चाचणी फेल झाली तर यंत्राने आपणहून तीनदा चालवून पाहावी आणि एकदा पास झाली तरी पुढे जाऊ द्यावं. नाहीतर प्रकल्प ठप्प होतो, आणि पहिलाच पॅच पाठवणाऱ्या मुलीला स्वतःची चूक नसताना लाल फुली दिसते व ती पुन्हा फिरकत नाही. हे दुसरं म्हणणं खरं आहे, मी अशी माणसं गेलेली पाहिली आहेत. पण हिशेब करा. दहात एकदा दिसणारी खरी खोट, तीनदा संधी दिली की हजारात एकदाच दिसते. डीमनमधल्या टकरी नेमक्या याच जातीच्या असतात. म्हणजे जे पकडायला चाचणी लिहिली तेच आपण जाळ्याची भोकं मोठी करून सोडून देतो. लहरी चाचणी बाजूला काढावी, तिच्यावर तक्रार नोंदवावी, नाव घालून माणूस नेमावा, नवख्या माणसाच्या पॅचला तिचा अडसर होऊ देऊ नये. पण गुपचूप पुन्हा चालवू नये. दोन्ही बाजू वहीत छापल्या आहेत, वाचकाने ठरवावं.

मंद यंत्रांबद्दल वहीत थोडं कमी आलं आहे, म्हणून इथे एक शब्द. पोस्टग्रेसचा २००४ पासून चालत आलेला बिल्डफार्म आहे: जगभरच्या स्वयंसेवकांची यंत्रं नवा कोड घेऊन चाचण्या चालवतात आणि निकाल एका जागी कळवतात. प्रत्येक यंत्राला प्राण्याचं नाव आहे. स्किंक, म्हणजे आपली सापसुरळी, हे यंत्र सगळं व्हॅलग्राइंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या साधनाखाली चालवतं, त्यामुळे ते नावाला न शोभेसं, गोगलगाईच्या चालीने चालतं. लोकांना वाटतं अशी यंत्रं उगाच लाल दिवे लावतात. माझा अनुभव उलटा आहे. वेगवान यंत्रावर दोन घटनांमधली फट इतकी बारीक असते की चूक त्यातून निसटून जाते. मंद यंत्र ती फट ताणून रुंद करतं. तुमच्याकडे अडगळीत पडलेला जुना लॅपटॉप असेल तर तो विकू नका.

वही क्रमाने वाचायची गरज नाही. ज्याला आजच लाल फुली पडली आहे त्याने वाट पाहण्याचं प्रकरण उघडावं, नवा डीमन लिहायला बसलेल्याने खुणांचं. उदाहरणं चालवून पाहावीत. ती माझ्या दोन यंत्रांवर, एकावर वेळपट्टा मुद्दाम बदलून, चाललेली आहेत. वाचायला घेण्याआधी मात्र एक करा. आपल्या प्रकल्पाच्या चाचण्यांच्या फोल्डरात ‘स्लीप’ हा शब्द शोधा, किती वेळा येतो ते मोजा आणि वहीच्या पहिल्या कोऱ्या पानावर तारखेसकट पेन्सिलीने लिहून ठेवा. ही प्रस्तावना लिहायला बसलो त्या दिवशी माझा आकडा १९ होता.